कारणाचा रकाना

ताईंनी सतरावा विरोध उघडला आणि हेडफोनची एक बाजू कानावरून खाली सरकवली, कारण पलीकडे शंकासुराचा चहा चालला होता, आणि तो चहा पितो की ओढतो हा बारा वर्षांचा जुना प्रश्न होता.

"वाचा," कप खाली ठेवत तो म्हणाला.

"गाणी वाजवायचा प्रोग्रॅम. दोन पर्याय, एकत्र चालत नाहीत. दोघांनाही स्पीकरचा पुरता ताबा हवा असतो आणि स्पीकर एका वेळी एकालाच ताबा देतो."

"कारण पटलं. नेमका एक, की जास्तीत जास्त एक?"

"नेमका एक. एकही नसला तर गाणं काय मनातल्या मनात ऐकायचं?"

"लिहा."

ताईंनी कारणाच्या रकान्यात ओळ लिहिली आणि अठराव्याकडे वळल्या.

दोघं ज्याच्यावर काम करत होते त्या प्रोग्रॅमचं नाव कोठार. संगणकावर दुसरे प्रोग्रॅम मागवायचे, त्यांचे सुटे भाग जुळवायचे आणि नीट बसवून द्यायचे, एवढंच त्याचं काम; पण कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत आणि कचेऱ्यांत लोक त्याच्यावर विसंबून होते. कोठारात प्रत्येक प्रोग्रॅमची एक कृती असते आणि कृतीत पर्याय असतात, हे घालू का, ते घालू का. त्यातले काही पर्याय एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा जोडीला कोठारात विरोध म्हणत, आणि आजवर तिच्यासाठी कृतीत एक ओळ खरडली की भागायचं: हा असेल तर तो नको. आता नवी रचना येत होती. न पटणाऱ्या पर्यायांचा एक गट करायचा, त्याला नियम लावायचा, आणि शेवटी कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय कृती पुढे सरकणार नव्हती.

कारणाचा रकाना ही शंकासुराची करणी. बावीस वर्षं कारणावाचून कुणाचं घोडं अडलं नाही, असं ताई आधी म्हणाल्या होत्या. त्यावर तो म्हणाला होता, अडलं असेल, आपल्याला कळवलं नसेल. अशा बोलण्यामुळेच त्याला ते नाव पडलं होतं. काम चाचण्या घेण्याचं आणि स्वभावही तसाच. राहायचा दुसऱ्या कुठल्याशा शहरात. घरात तीन मुलं आणि सगळ्यांवर वरताण असा एक पोपट. बारा वर्षांत दोघांची गाठ पडली नव्हती. तरी ताई दिवसातला पहिला शब्द बोलायच्या तो याच्याशीच, सकाळी अकराला, आणि पुष्कळदा शेवटचाही.

"अठरावा," ताई म्हणाल्या. "अक्षरं तपासणारे दोन. याला मी जास्तीत जास्त एक लावतेय."

"लावा. पण जास्तीत जास्त एक म्हटलं की शून्यही चालतं, हे लक्षात आहे ना?"

"शून्य कोण निवडेल?"

"कोणीतरी निवडतंच, ताई. लोक निवडतात आणि मग मला विचारतात की रिकामं का दिसतंय."

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. मुलाचा होता. सोमवारी सकाळी तो कधी फोन करत नसे, म्हणून ताईंच्या मनात पाल चुकचुकली.

"आई, कामात आहेस?"

"विरोध निस्तरतेय. बोल."

"भिंगरीचं नाटक आहे शाळेत. शुक्रवारी चार वाजता. दीपस्तंभ झालीय ती."

"दीपस्तंभ? एका जागी उभं राहणं जमणार आहे का तिला?" भिंगरी ही ताईंची सात वर्षांची नात. घरातली एकही खुर्ची तिने सलग पाच मिनिटं वापरली नव्हती.

"उभं राहून गोल फिरायचंय. डोक्यावर बॅटरी बांधलेली." तो हसला आणि मग हळूच म्हणाला, "प्रयोग एकच आहे, आई."

ताईंनी हेडफोन पूर्ण काढून टेबलावर ठेवला.

"चित्रांच्या प्रदर्शनाला मी आले होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता त्यांची पाळी."

"हो."

"मग मला कशाला विचारतोस?"

"विचारत नाहीये. सांगतोय. दुसरीकडून कळलं तर तुला वाईट वाटेल. व्हिडिओ पाठवीन मी सगळा."

"पाठव," ताई म्हणाल्या. "बॅटरी नीट बांधा. डोक्याला रुतेल तिच्या."

बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मुलाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट एक तर दोनदा झाली होती, नाही तर पाळीने. तो तेरा वर्षांचा असताना ताई आणि त्याचे बाबा वेगळे झाले. भांडणं कशावरून व्हायची ते आता कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटेल, इतकी ती किरकोळ होती. पण तेव्हा ती खरी होती. शाळेतून पालकांच्या सभेचा कागद आला होता. तो हातात धरून मुलगा स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्याने विचारलं, तुम्ही दोघं येणार ना? ताई भांडी घासत होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, "ते असतील तिथे मी नसेन."

एवढंच. पुन्हा कधी त्या ते बोलल्या नाहीत. बोलायची गरजच पडली नाही. मुलगा शहाणा होता, त्याने ते वाक्य उचललं आणि जन्मभर सांभाळलं. पदवीदानाला ताई गेल्या. त्याची पहिली नोकरी लागली तेव्हा बाबा जेवायला गेले. लग्नाची नोंदणी सकाळी झाली, मेजवानी संध्याकाळी. सकाळ ताईंची, संध्याकाळ त्यांची. भिंगरीचा पहिला वाढदिवसही दोनदा झाला. ताई दुसऱ्या दिवशी गेल्या होत्या. केक नवा आणला होता, पण मेणबत्ती आदल्या दिवशीचीच होती. तिची वात काळी पडलेली होती. ती नीट पेटेना. सून काड्यांवर काड्या ओढत राहिली आणि ताई म्हणाल्या, राहू दे ग, अंधार थोडाच आहे. घरी येऊन त्या बराच वेळ चपला न काढता पलंगावर बसून होत्या.

मंगळवारी दुपारी एकतिसावा विरोध आला.

नकाशे काढणारा प्रोग्रॅम होता. त्याचे दोन पर्याय: एक पडद्यावर नकाशा दाखवणारा, दुसरा कागदावर छापायला नकाशा तयार करणारा. दोघांमध्ये तीच ओळ, हा असेल तर तो नको. ताईंनी कारणाच्या रकान्यात बोटं ठेवली आणि काय लिहावं ते त्यांना सुचेना. पडदा आणि कागद यांचं काय वाकडं असणार? ओळ कुणी घातली ते बघायला त्यांनी जुन्या नोंदी चाळल्या. नोंद त्यांचीच निघाली. बावीस वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारची. शेरा पाच शब्दांचा: "दोन्ही एकत्र चालत नाहीत. बस."

ते "बस" वाचून ताईंना एकदम ओशाळल्यासारखं झालं. तारीख त्यांनी पुन्हा पाहिली. त्याच्या आदल्या रविवारी मुलाचे बाबा आपली पुस्तकं चार खोक्यांत भरून घेऊन गेले होते. त्या आठवड्यात ताईंनी कोठारात अकरा नोंदी केल्या होत्या आणि अकराही कशाला ना कशाला नकार देणाऱ्या.

याच कृतीखाली अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी पत्र लिहून ठेवलं होतं. जमिनीची मोजणी करणारा माणूस होता. मला नकाशा बघायचाही असतो आणि छापायचाही असतो, त्याने लिहिलं होतं, म्हणून मी टेबलावर दोन संगणक ठेवले आहेत, एक बघायला आणि एक छापायला. टेबलावर जेवणाचा डबा ठेवायला जागा उरत नाही. हे असं का आहे, एवढं सांगाल का? खाली ताईंचं उत्तर होतं: "ते तसंच आहे."

ताईंनी ओळ खोडली, दोन्ही पर्यायांवर खूण केली आणि बांधणी, म्हणजे सुटे भाग जुळवणं, सुरू केली. संगणकाचा पंखा घरघरू लागला. चाळीस मिनिटं लागणार होती. त्या उठल्या, वाळलेले कपडे आत आणले, एका माणसाच्या कपड्यांच्या घड्या घालायला कितीसा वेळ लागतो, तेवढाच लागला, मग खिडकीशी उभं राहून समोरच्या इमारतीत एक बाई गालिचा झटकत होती ते बघत राहिल्या. बांधणी कुठे तरी फुटावी असं त्यांना वाटत होतं. मोठ्या आवाजात, पाच-पन्नास चुका दाखवत फुटावी. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीची ती बाई बरोबर होती असं लिहिता येईल.

बांधणी फुटली नाही. दोन्ही भाग गुण्यागोविंदाने जुळले. अगदी शेवटी, सगळं जागेवर बसवताना, कोठार एका फाईलपाशी अडलं: या नावाची फाईल इथे आधीच आहे, थांबतो आहे. ती मदतीची फाईल होती, प्रोग्रॅम कसा वापरावा हे सांगणारं पान. पडदावाला ते पान आणायचा आणि कागदवालाही तेच आणायचा. ताईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडून ओळीन् ओळ ताडून पाहिली. अक्षराचाही फरक नव्हता.

पान एकदाच ठेवायचं, एवढं कोठाराला सांगायला चार ओळी लागल्या. मग त्यांनी एक नकाशा पडद्यावर उघडला आणि तोच कागदावर छापला. कागद हातात कोमट लागला. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ताईंना स्वतःचा असा राग आला की त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

बुधवारी त्यांनी आपण होऊन मुलाला फोन केला.

"शुक्रवारी मी पण येते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे, बाबांना मी..."

"त्यांना काही रद्द करायला सांगू नकोस. तेही येऊ देत. सांग त्यांना, माझी काही हरकत नाही."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मुलगा खाली बसला असावा.

"नक्की ना, आई?"

"मग काय लिहून देऊ?"

"नको," मुलगा म्हणाला, आणि त्याचा आवाज तेरा वर्षांच्या मुलासारखा पातळ झाला. "सांगतो मी. आम्ही दोघं पडद्यामागे असणार, मी होडी ढकलायला आणि तुझी सून कपड्यांना. तुमच्या खुर्च्या धरून ठेवतो. दोन."

फोन ठेवल्यावर ताईंना हलकं वाटलं. एवढंच तर होतं, त्यांच्या मनात आलं, चार ओळींचं काम.

गुरुवारी शंकासुराने नवी रचना तपासून पाहिली. पोपट मागे कुणाच्या तरी नावाने शंख करत होता.

"नकाशांचं उत्तम झालं," तो म्हणाला. "त्या मोजणीवाल्याला कळवलंत?"

"नव्या आवृत्तीच्या सूचनेत लिहिलंय."

"सूचना कोण वाचतं? ताई, तुम्ही ओळ काढलीत ती कृतीतून. त्याच्याकडे बसवलेली जुनी प्रत आहे तशीच आहे. त्याला कुणी सांगितल्याशिवाय तो कशाला पुन्हा बांधणी करेल? बसला असेल बिचारा दोन संगणक घेऊन."

"लिहीन त्याला."

"आजच लिहा. नेमकं लिहा. आता चालेल, असं नको. दोन्ही लावा, असं लिहा."

"बरं बाबा," ताई म्हणाल्या, पण त्यांचं अर्धं लक्ष कपाटाकडे होतं. निळा ड्रेस घालावा की राखाडी, हे ठरत नव्हतं.

शाळेचं सभागृह म्हणजे खालच्या मजल्यावरची एक लांबट खोली होती. एका टोकाला लाकडी मंच, बाजूच्या भिंतीत व्हरांड्यात उघडणारा एक दरवाजा. खुर्च्या मुलांच्या वर्गातल्या होत्या, मोठ्यांनी त्यात बसलं की गुडघे वर येत. ताई पाच मिनिटं उशिरा पोचल्या, कारण निळा घालून त्या बाहेर पडल्या होत्या आणि कोपऱ्यावरून परत येऊन त्यांनी राखाडी घातला होता. मागच्या दारात उभ्या राहून त्यांनी नजर फिरवली. चौथ्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या, आणि त्यातल्या आतल्या खुर्चीवर एक टक्कल पडलेलं डोकं. कान तेच होते. त्या कानांवरून त्या माणसाला त्यांनी हजारांत ओळखलं असतं.

पाय चालू लागले. मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी बाळाने काहीतरी पाडलं, त्या आवाजाने ते डोकं मागे वळलं आणि त्यांची नजर ताईंवर पडली. ते लगेच उठले. शेजाऱ्याला वाट द्यायला सांगितली, ताईंकडे बघून, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला करतात तशी मान हलवली, आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. दार जड होतं. ते त्यांच्यामागे सावकाश मिटलं.

ताई चौथ्या रांगेत आल्या. कडेच्या खुर्चीवर एक चिठ्ठी होती. वेड्यावाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: आजी. ती उचलून त्या बसल्या. शेजारची खुर्ची अजून उबदार होती, हे त्यांना हात टेकवल्यावर कळलं. दिवे मालवले गेले.

नाही तर नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. आपण दार उघडलं, त्याला यायचं नव्हतं. त्याचाही राग असेल, असायचाच. तो बावीस वर्षं आपल्या एकटीलाच थोडाच पुरला असेल. मंचावर पुठ्ठ्याची होडी आली, तीत तीन मुलं, वादळात वाट चुकलेली. एक जण आपलं वाक्य विसरला आणि दुसऱ्याने ते त्याच्याही आधी म्हणून टाकलं. लोक हसले. ताईंनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

त्यांनी वाकून खाली बघितलं, खाली पडलीय का. नव्हती. भिंगरीने एक चिठ्ठी लिहिली आणि दुसरी लिहिली नाही, असं होणं शक्य नव्हतं. म्हणजे जाताना तो ती बरोबर घेऊन गेला होता. ज्याला यायचंच नाही तो माणूस चिठ्ठी कशाला उचलेल?

तेव्हा कुठे ताईंना शंकासुराचं बोलणं आठवलं आणि कान गरम झाले. ओळ त्यांनी आपल्याकडची खोडली होती. मुलाच्या बाबांकडे बावीस वर्षांपूर्वी जे बसवलं होतं ते होतं तसंच होतं, आणि ताई दारात दिसताच ते बिनतक्रार चाललं होतं.

पर्स खुर्चीवर ठेवून त्या उठल्या आणि बाजूच्या दाराने बाहेर आल्या.

व्हरांड्यात मुलांच्या दप्तरांची रांग होती आणि ते दाराच्या दुसऱ्या, बंद झडपेशी उभे होते. त्या झडपेला उभी, वीतभर रुंदीची काच होती. कपाळ तिला जवळजवळ टेकलेलं. हातात चिठ्ठी.

"इथे काय करतोयस?" ताई म्हणाल्या.

चोरी पकडल्यासारखे ते दचकले. "अगं, तू बस आत. नाटक चुकेल. मला दिसतंय इथून."

"इथून?"

"चांगलं दिसतंय. पदवीदानाला मधे खांब होता, पोराची नुसती टोपी दिसली. लग्नाच्या वेळी तर तेही नाही, जिन्यात उभा होतो. त्या मानाने ही काच उत्तम आहे." हे सगळं त्यांनी काचेकडे बघतच सांगितलं, बसथांब्यांची नावं सांगावीत तसं.

ताईंनी भिंतीला हात टेकवला. ते दोन्ही दिवस त्यांनी आजवर आपले म्हणून जपले होते. त्यांच्या पाळीचे दिवस. आणि त्याच्या पाळीच्या दिवशी त्या कुठे होत्या? घरात, दार लावून, कृती लिहीत. एकदाही त्यांनी चपला पायात घातल्या नव्हत्या.

"लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे लिफ्टने उतरलो," त्या म्हणाल्या.

"हो. ते नंतर लक्षात आलं माझ्या."

"तुला निरोप मिळाला नाही का? त्याला सांगितलं होतं मी."

"मिळाला की. हरकत नाही, असा." आता त्यांनी वळून पाहिलं. चेहरा म्हातारा झाला होता आणि रागाचा त्यात मागमूस नव्हता. "हरकत नाही म्हणजे ये असं थोडंच होतं. पोरीने चिठ्ठी लिहिलीय म्हणाला, म्हणून आलो. तुला यायला उशीर झाला, मला वाटलं येत नाहीस. मग दिसलीस. उठलो. आता पाय आपोआपच उठतात ग."

ताईंनी त्यांच्या हातातली चिठ्ठी वाचली: आजोबा. अक्षरं तशीच वेडीवाकडी, मोठी.

ते पुन्हा काचेकडे वळले. "अरे," ते म्हणाले. "थांबली की."

ते बाजूला सरकले. काच एका चेहऱ्यापुरतीच होती. ताईंनी आत पाहिलं. मंचाच्या मधोमध एका खोक्यावर भिंगरी उभी होती, अंगावर लाल-पांढरे पट्टे, डोक्यावर बांधलेली बॅटरी. तिने फिरत राहायचं होतं. दिव्याचा झोत सगळ्यांच्या डोक्यांवरून जात होडीला वाट दाखवणार होता. ती फिरत नव्हती. झोत चौथ्या रांगेच्या कडेला येऊन खिळला होता, तिथे दोन रिकाम्या खुर्च्या होत्या आणि एकीवर एक राखाडी पर्स. पडद्याच्या कडेने बाई हात गोल गोल फिरवून तिला खुणावत होत्या. होडी जागेवरच डुलत होती. आधी हसणारे लोक आता माना वळवून बघायला लागले होते, दिवा कशावर पडलाय ते.

ताईंनी दार ढकललं. ते खरंच जड होतं. त्यांनी ते पाठीने रेटून धरलं आणि आतला उजेड व्हरांड्यात आला.

"चल," त्या म्हणाल्या.

"अगं, तू जा पुढे. मी आहेच इथे."

"आत ये," ताई म्हणाल्या. "माझ्या शेजारी बस. मी बोलावतेय."

त्यांनी हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि मान खाली घालून ते दारातून आत शिरले. ताईंनी दार सोडलं. लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, माफ करा, माफ करा म्हणत, दोघं चौथ्या रांगेत आले. त्यांनी ताईंची पर्स उचलून ताईंच्या हातात दिली आणि आतल्या खुर्चीवर बसले, गुडघे वर करून. चिठ्ठी त्यांनी मांडीवर सरळ करून ठेवली.

झोत दोघांच्या तोंडांवर जरा जास्तच वेळ राहिला. डोळे दिपले, पाणी आलं, पण ताईंनी ते मिटले नाहीत. मग भिंगरी पुन्हा फिरायला लागली आणि होडीतली तिघं घाईघाईने वल्ही मारू लागली.